मगर पाहिली, नदी पाहिली नाही

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील एका कपाटात या वार्षिकाचे जुने अंक जपून ठेवलेले आहेत. पाने पिवळी पडली आहेत. काहींच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. यंदा संपादक मंडळात आमची निवड झाल्यावर गुरुजनांनी प्रथम हे अंक वाचण्यास सांगितले. वाचता वाचता एक गंमत ध्यानात आली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे आमचे बंधुभगिनीही आपल्या काळाला असाच दोष देत होते. सिनेमाने तरुणांचे चित्त चळले आहे, रेडिओवरील गाण्यांनी अभ्यासाचा घात केला आहे, अशा अर्थाचे निबंध जवळजवळ प्रत्येक अंकात आहेत. ज्यांनी ते लिहिले ते आज कोणाचे तरी आजी-आजोबा आहेत, आणि तेच आम्हांस दटावतात, 'तो मोबाईल आधी खाली ठेव.' तेव्हा करमणुकीच्या साधनांस बोल लावण्याची परंपरा जुनी आणि सन्मान्य आहे. तीत आणखी एका लेखाची भर घालण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे आहे, आणि ते सांगताना थोडी लाजही वाटते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर बडोद्यात सर्वांच्या स्मरणात असेल. काळ्या घोड्यापाशी नदीची धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर चढले. अकोटा, मुंजमहुडा, समा, वडसर अशा कितीतरी वस्त्यांतून तळमजले बुडाले, वीज गेली, लष्करास पाचारण करावे लागले. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर साडेतीन फूट पाणी होते. कार्यालयातील हजेरीपत्रके पुढे आठ दिवस गच्चीवर वाळत पडली होती. आम्ही तेव्हा नववीत होतो. ज्यांच्या घरात पाणी शिरले नव्हते अशा आमच्यापैकी बहुतेकांनी त्या दिवसांत काय केले? आम्ही मगरी पाहिल्या.

विश्वामित्रीतील मगरी बडोदेकरांना नव्या नाहीत. २०२५ च्या गणनेत त्या चारशेंहून अधिक भरल्या. पुराबरोबर त्या वस्तीत आल्या आणि एकदम देशभर प्रसिद्ध झाल्या. कोणा घराच्या छपरावर विसावलेली मगर, रस्त्यावरून सावकाश जाणारी मगर, दोन तरुण स्कूटरवरून वनखात्याकडे पोहोचवीत असलेली मगर! पुण्या-मुंबईची मामेभावंडे विचारू लागली, 'तुमच्याकडे आली का रे मगर?' नाही म्हणणे आम्हांस कमीपणाचे वाटू लागले. वर्गाच्या मोबाईलवरील गटात एकाने एक चित्रफीत पाठवावी, दुसऱ्याने तिच्याहून मोठ्या मगरीची पाठवावी, अशी चढाओढ तीन दिवस चालली.

त्याच गटात, दोन मगरींच्या मध्ये, आमच्या एका वर्गबंधूचा निरोप आला होता. तो वडसरकडे राहतो. खालचे घर बुडाले असून सर्व कुटुंब शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आहे, प्यावयाचे पाणी संपत आले आहे, कोणाच्या ओळखीचे मदत करणारे कोणी असेल तर कळवावे, एवढाच मजकूर होता. त्यानंतर त्याचा मोबाईल बंद पडला असावा. चाळीसजणांच्या गटात एकानेही त्या निरोपास उत्तर दिले नाही. उत्तर देण्याचे कोणी टाळले असे नव्हे. तो कोणी वाचलाच नाही. बोटाने वर सरकवला आणि पुढची मगर पाहिली. सुदैवाने दुसऱ्या दिवशी नावेतून पाणी व अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचले. शाळा पुन्हा भरल्यावर तो रागावला नाही, भांडला नाही. 'तुम्ही वाचलंच नाहीत ना?' एवढेच त्याने विचारले. त्याच्या परवानगीनेच आम्ही हे येथे लिहीत आहोत.

आमची अंतःकरणे पाषाणाची आहेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. उलट आमच्या पिढीइतके वारंवार दुःख क्वचितच कोणाच्या वाट्यास येत असेल. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी येथील तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. ती मुले आमच्याच शहरातली, आमच्याहून लहान. त्या रात्री आमच्या घरी कोणास धड जेवण गेले नाही. ऑगस्टमध्ये पूर आला. ९ जुलै २०२५ रोजी महीसागरावरील गंभीरा पूल कोसळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. अठरा महिने पुरे होण्याच्या आत आमच्या डोळ्यांदेखत तीन आघात झाले, आणि तिन्ही वेळा आम्ही हळहळलो. मेणबत्त्या लावल्या, काळी चित्रे लावली. मग काय झाले? नव्याचे नऊ दिवस म्हणतात. दुःखाला नऊ दिवसही मिळाले नाहीत. हरणीच्या नावेत किती माणसे बसविण्याची सोय होती, किती बसविली, तरंगण्याची जाकिटे किती जणांच्या अंगावर होती, नावेची तपासणी करण्याचे काम कोणाचे होते, हे प्रश्न वर्गात विचारले असता आमच्यापैकी दोघातिघांनाच त्यांची अर्धवट उत्तरे देता आली. त्या घटनेची चित्रे मात्र सर्वांना आठवत होती.

दुःख होणे निराळे आणि विचार करणे निराळे, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती अशी. दुःख आपोआप येते व आपोआप जाते. विचारास बसवून ठेवावे लागते, आणि आजच्या काळात त्याला बसावयास जागाच उरलेली नाही. हातातील यंत्र आम्हांस वाईट बातमी देत नाही असे नाही. ते ती भरपूर देते. परंतु एक बातमी मनात रुजण्यापूर्वी ते दुसरी पुढे करते, आणि दोहोंच्या मध्ये एक गाणे. सिनेमा तीन तासांनी संपत असे आणि माणूस घरी येत असे. याला शेवट नाही, एवढाच आमच्या आजोबांच्या काळात व आमच्या काळात भेद आहे. तथापि तो लहान नव्हे.

शाळा सुरू झाल्यावर भूगोलाच्या सरांनी आम्हांस एक साधा प्रश्न घातला. 'पूर का आला, ते दहा ओळींत लिहा.' सर्वांनी लिहिले, 'पाऊस फार पडला म्हणून.' नदी कोठे उगम पावते, ती कोठे जाते, हे चाळीसांपैकी चौघांस ठाऊक होते. कमाटीबागेत आम्ही लहानपणापासून जातो. पुलावरून नदी ओलांडून वाघ-सिंह पाहतो. परंतु ज्या नदीवरून जातो ती कोणती दिशा धरून वाहते, हे पाहण्यास कोणी थांबलेला नव्हता. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, 'मग आता हाच प्रश्न वर्षभर घेऊन बसू.' परीक्षेत त्याला गुण नव्हते, त्यामुळे प्रारंभी उत्साह बेताचाच होता हेही नमूद केले पाहिजे.

वर्षभरात जे समजले ते असे. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वेडीवाकडी वळणे घेत वाहते आणि पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखातास जाते. शहराच्या पूर्वेस आजव्याचा तलाव आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहरास पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तो बांधला गेला. पावसाळ्यात आजव्यातून बाहेर पडणारे पाणी विश्वामित्रीतच येते; म्हणूनच ऑगस्ट लागला की घरोघरी 'आजवा किती भरला?' अशी विचारपूस चालते. अशा प्रकारे वरून येणारे पाणी एक आणि शहरावर पडणारे पाणी दुसरे. शहरातील पाणी नदीपर्यंत नेण्याचे काम कांसांचे. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावे आम्ही ऐकली होती, पण त्या म्हणजे दुर्गंधी येणारी गटारे अशीच आमची समजूत होती. वास्तविक त्या पावसाच्या पाण्याच्या जुन्या वाटा आहेत. आणि त्यांचे एक मर्म असे की, नदी कांसेच्या तोंडाहून उंच चढली म्हणजे कांसेतील पाण्यास बाहेर पडता येत नाही. किंबहुना नदीचेच पाणी उलट शहरात शिरते. पाऊस थांबून ऊन पडल्यावरही काही वस्त्यांत पाणी का चढत होते, हे कोडे आम्हांस तेव्हा उलगडले.

नदीच्या दोन्ही अंगांना पूर्वी खोल घळी असत. येथे त्यांना कोतरे म्हणतात. कोतरे ओसाड, काटेरी, कोणाच्याच उपयोगाची नसलेली जमीन, असे वाटते. परंतु पूर आला की नदी तेथे अंग पसरते, पाणी साठवते आणि सावकाश परत घेते. कोतरे भरून सपाट केली, तलाव बुजविले, म्हणजे त्या पाण्याची जागा गेली. पाणी काही गेले नाही.

याचे एक गणित आम्ही केले. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मीटर पाऊस पडला होता. आमच्या शाळेचे मैदान अदमासे अर्धा हेक्टर, म्हणजे ५,००० चौरस मीटर आहे. एवढ्या जागेवर त्या एका दिवसात २,५०० घनमीटर पाणी पडले. लिटरमध्ये सांगावयाचे तर २५ लाख. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर! आता याच जागी मैदानाऐवजी दोन मीटर खोलीचा तलाव असता, तर त्यात एक कोटी लिटर पाणी मावले असते. म्हणजे स्वतःवर पडलेला पाऊस पोटात घेऊन शेजारच्या तेवढ्याच तीन मैदानांचा पाऊसही त्याने सामावून घेतला असता. 'तलाव आधीच भरलेला नसेल तर,' असे गणिताच्या बाईंनी आम्हांस लगेच सुनावले, आणि ते बरोबर आहे. एखाद्या तलावाने ३५ फुटांवर चढलेली नदी खाली उतरत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु शहरात असे तलाव एक नव्हे, अनेक होते.

हे गणित आम्ही मोठ्या दिमाखाने घरोघरी दाखविले. आमच्यापैकी एकीचे आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा जन्म येथल्याच पोळीतला. त्यांनी कागद पाहिला आणि ते हसू लागले. 'तलाव असता तर, असं काय म्हणता बाळांनो? होताच की! तुमच्या मैदानाला आम्ही तलावडी म्हणायचो. आम्ही तिथं म्हशींच्या पाठीवर बसून पोहलोय.'

त्या दिवशी आमचे बोलणे खुंटले. तोपर्यंत आमचे सर्व विवेचन दुसऱ्यांविषयी होते. बांधकामे करणारे लोभी, अधिकारी डोळेझाक करणारे, नगरपालिका झोपलेली, असे आम्ही तावातावाने बोलत असू, आणि त्यात बरेच तथ्यही असेल. परंतु ज्या मैदानावर आम्ही खो-खो खेळतो, ज्या मैदानावर दर सव्वीस जानेवारीस ध्वजास वंदन करतो, तेही कोणे एके काळी पाण्याच्या जागेवर माती टाकून तयार केले गेले. ज्यांनी ते केले ते लोभी नव्हते. मराठी मुलांना शाळा हवी, खेळावयास जागा हवी, या सद्हेतूनेच त्यांनी ते केले असणार. मग आम्ही आपापली घरे तपासू लागलो. कोणाच्या सोसायटीच्या मागे कोतर होते व ते आता नाही. कोणाच्या वडिलांनी स्वस्त मिळाला म्हणून नदीकाठचा भूखंड घेतला. एका मित्राचे वडील स्पष्टच म्हणाले, 'कारकुनाच्या पगारात दुसरं कुठं घर मिळणार होतं?' या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही. आमच्या मते समाजाच्या दुःखाविषयीचा गंभीर विचार येथून सुरू होतो. दोष देण्यासाठी उगारलेले बोट जोवर बाहेर रोखलेले असते, तोवर तीही एक करमणूकच असते; मगर पाहण्याइतकीच सोपी.

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी शंभर दिवसांची मुदत घालून विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. आम्ही पुलावर उभे राहून ती यंत्रे पाहिली. घरी याविषयी दोन तट पडले. कोणी म्हणे, अखेर काहीतरी झाले. कोणी म्हणे, काठची झाडे गेली, आणि ज्या महिन्यांत मगरी काठाच्या मातीत अंडी घालतात त्याच महिन्यांत ती माती उपसली गेली. मगरीस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे आम्हांस याच वादात कळले. आमचे मत विचाराल तर, पात्र साफ करणे अवश्य होते. परंतु नदीस केवळ एक मोठे गटार समजून ती सरळ व खोल केली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणे आम्हांस घाईचे वाटते. कोतरे आणि तलाव यांचे काय, हा प्रश्न यंत्रे निघून गेल्यावरही शिल्लक राहतो. यावर आमच्यातही एकमत नाही, आणि ते नसल्याची आम्हांस खंत वाटत नाही.

येथे आणखी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या भाषेची आहे. याच नदीविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ साली निर्णय दिला होता. नदीचे पात्र, तिची पूरभूमी, तिची कोतरे यांचे रक्षण करण्याविषयी त्यात सांगितले आहे. म्हणजे पुराच्या तीन वर्षे आधी ही गोष्ट लिहून ठेवलेली होती. तो निर्णय गुप्त नाही. कोणासही वाचता येतो. पण तो इंग्रजीत आहे. आमच्या घरांतून इंग्रजी निवेदने वाचण्याची सवय कोणाला आहे? मराठीत आमच्याकडे काय येते? सुविचार, विनोद, सणांच्या शुभेच्छा आणि मगरी. गंभीर ते सारे इंग्रजीत आणि थट्टा तेवढी मराठीत, अशी वाटणी होऊन गेली तर मराठी माध्यमाच्या शाळेत शिकून आम्ही काय मिळविले? याच बडोद्यात महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. १९१० मध्ये बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची व्यवस्था लावली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या. एवढा खटाटोप प्रजेस सह्या करता याव्यात म्हणून केला नसावा. त्या निर्णयातील काही परिच्छेद आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या साहाय्याने आम्ही मराठीत उतरविले व फलकावर लावले. गुजराती माध्यमाच्या शेजारच्या शाळेने ते आमच्याकडून नेऊन गुजरातीत केले. भाषांतर ओबडधोबड आहे. 'पूरमैदान' म्हणावे की 'पूरभूमी' यावर दोन तास वाद झाला. त्या दोन तासांत कोणी मोबाईल पाहिल्याचे आठवत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींचे एक म्हणणे आहे, आणि ते आम्ही आदराने ऐकले आहे. 'यंदा तुमचे दहावीचे वर्ष. नदीची काळजी करावयास मोठी माणसे आहेत.' दहावीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. हा लेखही आम्ही सहामाहीच्या पूर्वी लिहून संपविण्याच्या बेतात होतो, ते साधले नाही ही गोष्ट वेगळी. परंतु मोठी माणसेही आम्हांस त्याच गटांत, त्याच चित्रफिती पाहताना दिसतात. पाणी तर घरात शिरताना वय विचारीत नाही. हरणीच्या तलावानेही ते विचारले नाही.

आम्ही केलेले काम फार थोडे आहे. एक जाड वही आहे. तीत आमच्या प्रभागातील वृद्धांना आठवणाऱ्या तलावांची व तलावड्यांची नावे आहेत, जागा आहेत, आणि आज तेथे काय उभे आहे त्याची नोंद आहे. एकोणीस नावे झाली. त्यांपैकी सातांविषयी दोन माणसांच्या आठवणी जुळत नाहीत, तेथे तसे प्रश्नचिन्ह केले आहे. जुन्या नकाशात यांपैकी कोणते तलाव दाखविले आहेत, हे विचारणारे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने एका कचेरीस पाठविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. स्मरणपत्र पाठविले आहे.

दिवाळीपूर्वी शाळेची रंगरंगोटी झाली. भिंतीवर साडेतीन फुटांवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, ती साहजिकच रंगाखाली जाणार होती. ग्रंथालयासमोरचा एक खांब तसाच ठेवावा, अशी विनंती आम्ही केली. रंगाऱ्यास ते काही पटले नाही. एवढ्या चांगल्या भिंतीत एकच खांब घाणेरडा दिसेल, असे तो दोनदा म्हणाला. मुख्याध्यापकांनी अनुमती दिली. रेघेवर आम्ही तारीख घातली आहे. वडसरच्या आमच्या मित्राचे अक्षर सुंदर आहे, म्हणून ती त्यानेच लिहिली. वही आता नववीच्या वर्गाकडे गेली आहे.